विद्यार्थ्याचा खेळावरचा लेख सुधारताना

मुलगा किंवा मुलगी वही पुढे करते आणि म्हणते, "जरा बघता का, कसं झालंय?" वहीत शाळेच्या संघातून खेळल्याचा अनुभव लिहिलेला असतो. शाळेच्या वार्षिक अंकासाठी असेल, निबंध स्पर्धेसाठी असेल, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी किंवा परदेशातल्या कॉलेजसाठीही असेल. मदत तर करायची असते, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. अशा वेळी पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्या आई-वडिलांसाठी, ताई-दादांसाठी आणि नव्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट मनात पक्की असू द्या. मैदानावर रोज दोन तास घाम गाळणाऱ्या मुलाला त्या खेळाबद्दल असं काहीतरी ठाऊक असतं, जे प्रेक्षकांत बसलेल्या कुणालाच ठाऊक नसतं. पहिल्या मसुद्यात नेमकं तेच नसतं, कारण मुलाला वाटतं की ते लिहिण्याजोगं नाही. ते बाहेर काढणं हे आपलं काम. वाक्यं सजवणं हे नव्हे.

आधी विचारा: हे कुणासाठी, किती शब्दांत?

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते आधीच करा. परीक्षेतल्या निबंधाला जागा थोडी असते, तिथे एकच प्रसंग मावतो. वार्षिक अंकाची मर्यादा संपादक सरांना विचारून घ्या. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना चालणाऱ्या 'कॉमन ॲप' अर्जात मुख्य निबंध २५० ते ६५० शब्दांचा असतो. ब्रिटनच्या 'यूकॅस' अर्जात २०२६च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, सगळी मिळून ४,००० अक्षरांत. तिथे भर अभ्यासक्रमावर असतो, खेळाला थोडीच जागा द्यावी.

पदकं, प्रमाणपत्रं, कितवा क्रमांक आला, हे बहुतेक अर्जांत वेगळ्या रकान्यात भरलेलंच असतं. तेच निबंधात पुन्हा आलं, तर जागा वाया जाते.

पहिलं वाचन पेन न घेता

सरावासाठी एक मसुदा घेऊ. मी तो नमुना म्हणून रचला आहे, पण या साच्याची पानं दरवर्षी हातात येतात.

"खो-खो हा माझा आवडता खेळ आहे. खेळामुळे शरीर निरोगी राहते आणि निरोगी शरीरातच निरोगी मन वास करते. जानेवारी २०२५मध्ये भारताने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. मी सातवीपासून शाळेच्या संघात आहे. आम्ही खूप मेहनत घेतली. जिल्हास्तरीय स्पर्धेचा अंतिम सामना अतिशय चुरशीचा झाला. शेवटच्या क्षणी माझ्याकडून फाऊल झाला आणि आम्ही हरलो. मला खूप वाईट वाटले. पण अपयश ही यशाची पहिली पायरी असते. खेळाने मला शिस्त, चिकाटी आणि संघभावना शिकवली."

यात खोटं काहीच नाही. शुद्धलेखनही ठीक. तरी वाचून झाल्यावर ही मुलगी कोण, ते कळत नाही. इथे एक साधी कसोटी लावा: 'खो-खो'च्या जागी 'कबड्डी' घाला आणि प्रत्येक वाक्य पुन्हा वाचा. विश्वचषकाची माहिती सोडली तर जवळजवळ सगळी वाक्यं तशीच उभी राहतात. मग ती वाक्यं या मुलीची नव्हेत, कुणाचीही आहेत. या परिच्छेदात तिच्या स्वतःच्या आयुष्यातलं खरं बीज फक्त एका ठिकाणी आहे, 'माझ्याकडून फाऊल झाला'. तिने ते अर्ध्या वाक्यात उरकलंय, कारण ते सांगायला तिला संकोच वाटतो. जिथे मूल घाईने पुढे सरकतं, तिथे थांबायचं.

अजून वहीत काही लिहू नका.

मग बोलायचं, आणि हातापायांबद्दल विचारायचं

"तुला कसं वाटलं?" असं पहिल्यांदा विचारलंत तर उत्तर "वाईट वाटलं" किंवा "छान वाटलं" एवढंच येणार. भावनेबद्दल नंतर विचारा. आधी जागा, हालचाल, आवाज, वेळ यांबद्दल विचारा. तू कितव्या चौरसात बसतेस? तिथे तुला कुणी बसवलं? ग्राउंड आखायचं काम कुणाकडे असतं? सरावाला कोण आधी येतं? तुला काय चांगलं जमतं, जे बाकीच्यांना जमत नाही? शेवटच्या प्रश्नावर मुलं लाजतात. तरी सोडू नका, पुन्हा विचारा.

वरच्या मसुद्याच्या मुलीशी बोलणं साधारण असं होईल:

"तू बसतेस कुठे?"

"खांबाजवळ. शेवटून पहिली."

"तिथेच का?"

"सरांनी बसवलं. मला पळणारी कुठं आहे ते न बघता कळतं, मॅडम."

"न बघता? कसं?"

"आवाजावरनं. आमचं ग्राउंड मध्ये टणक आहे. खांबाजवळची माती आम्ही सूर मारताना लागू नये म्हणून उकरून भुसभुशीत करतो. पावलं तिथं आली की आवाजच बदलतो."

"आणि फाऊल झाला तेव्हा?"

"आवाज आला. मला वाटलं आता खो मिळणारच. म्हणून उठले. पण हात पडलाच नव्हता."

लेख इथे सापडला. ज्या कानामुळे सरांनी तिला खांबाजवळ बसवलं, त्याच कानाने अंतिम सामन्यात तिला वेळेआधी उठवलं. आता कबड्डीची कसोटी लावून बघा. एकही वाक्य हलवता येत नाही.

बोलणं चालू असताना तिची वाक्यं जशीच्या तशी टिपून घ्या किंवा तिच्या परवानगीने मोबाईलवर रेकॉर्ड करा. 'आवाजावरनं' हा शब्द तिचा आहे. नंतर तिने 'आवाजावरून' लिहिलं तरी चालेल, पण 'श्रवणशक्तीच्या साहाय्याने' असं लिहिलं तर मात्र अडवा.

एक प्रसंग निवडा, बाकीचे बाजूला काढा

मुलांना सातवीपासून दहावीपर्यंतचं सगळं सांगायचं असतं: तालुका, जिल्हा, विभाग, गुडघा फुटला, सर बदलले, नवीन किट आलं. ६०० शब्दांत हे सगळं घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-दोन वाक्यं येतात आणि काहीच अंग धरत नाही. एकच प्रसंग घ्यायला सांगा. तो सामन्यातलाच हवा असं नाही. खरं तर सरावातले प्रसंग बहुतेक वेळा जास्त बोलतात, कारण सामना सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि सराव फक्त खेळणाऱ्यांनी.

खो-खोचं तर हे विशेष आहे. पाठलागाच्या वेळी नऊ जणींतल्या आठ जणी बसलेल्याच असतात. हा खेळ धावण्याचा म्हणून ओळखला जातो, पण खेळणाऱ्याचा कितीतरी वेळ उकिडवं बसून, उठायच्या तयारीत जातो. मांड्या भरून येतात, टाचा उचललेल्या, बोटं जमिनीला टेकलेली. या बसण्याबद्दल कुणी मूल लिहीत नाही. लिहायला लावा.

सुरुवात कापा

मसुद्याच्या पहिल्या तीन-चार ओळींवर हात ठेवा आणि पाचव्या ओळीपासून वाचा. बहुतेक वेळा काहीच अडत नाही. मग त्या ओळी जाऊ द्या. 'जीवनात खेळाचे महत्त्व' इथून निघालेला लेख मैदानावर पोचेपर्यंत वाचणारा दमतो.

विश्वचषकाचं काय करायचं? दिल्लीत झालेल्या त्या पहिल्याच स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मुलांना याचा अभिमान वाटतो आणि वाटायलाच हवा. पण ही माहिती वाचणाऱ्याला दुसरीकडेही मिळते. ती लेखात येण्याचा हक्क तेव्हाच मिळवते, जेव्हा तिचा लिहिणाऱ्या मुलीशी संबंध असतो. समजा, तिने तो अंतिम सामना मोबाईलवर पाहिला आणि तिच्या लक्षात आलं की हे लोक मॅटवर खेळतायत, इथे भुसभुशीत मातीचा आवाज येणारच नाही, मग खांबाजवळ बसणाऱ्याला कळत कसं असेल? हे वाक्य ठेवा. ते तिच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. मेजर ध्यानचंद आणि खाशाबा जाधव यांच्या उल्लेखांनाही हाच नियम लावा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं खाशाबांचं कांस्यपदक मोठंच आहे, पण गावातल्या तालमीत त्यांचा फोटो लावलेला असेल आणि लिहिणारा मुलगा रोज त्याच्यासमोर जोर काढत असेल, तर ते लेखात शोभतं. नाहीतर नुसतं नाव घेतल्यासारखं होतं.

नियम लागतील तेवढेच

वाचणाऱ्याला खेळ माहीत असेलच असं नाही. परदेशातल्या वाचकाने तर खो-खो पाहिलेलाही नसेल. म्हणून मुलं एक अख्खा परिच्छेद नियमांचा घालतात: मैदानाची लांबी, रुंदी, खांबाची उंची, डावाची मिनिटं. ते काढून टाका. प्रसंग कळायला जो नियम लागतो तेवढाच, आणि तोही चालत्या गोष्टीत विरघळलेला हवा. आपल्या प्रसंगाला तीनच नियम लागतात. शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. पाठलाग करणारी मागून येऊन खो देते. आणि खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही. मैदान किती मीटरचं आहे, याने इथे काही बदलत नाही.

भाषा: बातमीतली काढा, मैदानावरची ठेवा

मुलांनी खेळाबद्दल वाचलेलं असतं ते वर्तमानपत्रात. त्यामुळे 'चुरशीची लढत', 'धारदार आक्रमण', 'अष्टपैलू खेळ', 'निसटता विजय' हे शब्द आपोआप उतरतात. बातमीदाराला एका रकान्यात आठ सामने बसवायचे असतात, त्याला ते लागतात. आपल्या मुलीला एकच सामना सांगायचा आहे. 'चुरशीची' या शब्दाखाली रेघ ओढा आणि विचारा, म्हणजे काय झालं? "दोन गडी बाकी होते आणि सर ओरडायचे थांबले होते," असं काहीतरी ती सांगेल. तेच लिहायचं.

उलट डाव, गडी, संरक्षण, सूर मारणे, हुलकावणी, फक्की, साखळीत पळणे हे मैदानावर रोज वापरातले शब्द बिनधास्त राहू द्या. वाचणाऱ्याला एखादा शब्द नवा वाटला तरी आजूबाजूच्या वाक्यांवरून तो समजतो, आणि लिहिणारी खरंच खेळते याची खात्री पटते.

'आम्ही'कडे लक्ष ठेवा. सांघिक खेळाच्या लेखात मूल 'आम्ही'च्या मागे लपतं. आम्ही सराव केला, आम्ही जिंकलो. प्रत्येक 'आम्ही' काढायचा नाही, पण त्या वेळी तू काय करत होतीस हे विचारत राहा. त्याहून वाईट म्हणजे 'सराव घेण्यात आला', 'बक्षीस देण्यात आले'. ही परिपत्रकाची भाषा आहे. सराव कुणी घेतला? सरांनी. मग सरांनी घेतला असं लिहू दे.

'केलं, गेलं, वाटलं' की 'केले, गेले, वाटले', असा प्रश्न येतोच. परीक्षेत आणि औपचारिक अर्जात 'केले' लिहिणं बरं. वार्षिक अंकात 'केलं' चालतं आणि अनुभवाला ते जवळचंही वाटतं. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवायचं. एका ओळीत 'वाटलं' आणि पुढच्या ओळीत 'वाटले' नको.

दुसरा मसुदा

आता तिला परत लिहायला बसवा, जुनी वही मिटून. समोर फक्त बोलताना टिपलेली वाक्यं. साधारण असं काही उतरेल:

"मी खांबाजवळ बसते. माझ्या शेजारणीचं तोंड त्या बाजूला, माझं या बाजूला. त्यामुळे पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नाही, ऐकू येतं. आमचं ग्राउंड मध्ये टणक आहे आणि खांबाजवळची माती आम्ही दर शनिवारी उकरतो, सूर मारताना लागू नये म्हणून. पावलं मऊ मातीत आली की आवाज बसका होतो. मग मी टाचा उचलते.

जिल्ह्याच्या सामन्यात शेवटचं मिनिट चालू होतं. बसका आवाज आला. मी उठले. पाठीवर हात पडला नव्हता, खो ऐकू आला नव्हता, फक्त पावलं ऐकली होती. शिट्टी वाजली. पळणारी माझ्या समोरून निघून गेली. ती इतकी जवळ होती की तिच्या वेणीची रिबीन सुटलेली मला दिसली."

रिबिनीवर बोट ठेवून तिला सांगा, हे फार चांगलं आहे. का चांगलं आहे तेही सांगा: त्या क्षणी तिथे असल्याशिवाय हे दिसत नाही. मुलांना चुका दाखवणारे पुष्कळ भेटतात. कुठलं वाक्य जमलं आणि का जमलं, हे सांगणारं कुणी भेटलं की पुढचं वाक्य ती आपण होऊन शोधतात.

शेवटाबद्दल मी आग्रही आहे. 'खेळाने मला शिस्त, चिकाटी आणि संघभावना शिकवली' हे वाक्य जाऊ द्यावं, कितीही खरं असलं तरी. त्याऐवजी विचारा, आता तू वेगळं काय करतेस? ती म्हणेल, "आता आवाज आला तरी हात पडेपर्यंत बसते. कधीकधी तेवढ्यात एखादी निसटते पण." हाच शेवट. निसटते हेही तिने लिहू दे. सगळं सुधारलं, पुढच्या वर्षी आम्हीच जिंकलो, असा गोड शेवट घडला नसेल तर ओढून आणू नका.

जे सांगताना मूल थबकतं

खेळाच्या गोष्टीत घर येतं, पैसे येतात, शरीर येतं. बूट मोठ्या भावाचे होते. संध्याकाळच्या सरावानंतर अंधार पडतो म्हणून घरचे नको म्हणत होते. पाळीच्या दिवसांत सामना होता. शॉर्ट घालून खेळायचं यावर नातेवाइकांत बोलणं झालं. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी गोष्ट, दहावीचं वर्ष आलं आणि खेळ बंद झाला. माझ्या मते महाराष्ट्रातल्या शाळकरी खेळाडूंनी लिहावा असा सगळ्यात मोठा विषय हाच आहे. वर्षानुवर्षं रोज मैदानावर जाणारं मूल एका जून महिन्यात अचानक जायचं थांबतं. त्या पहिल्या संध्याकाळी त्याने काय केलं, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

हे विचारा, पण लिहायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. वार्षिक अंक वर्गातल्या सगळ्यांच्या हातात जातो. जे तुमच्यापाशी बोलली, ते छापून यावं असं तिला वाटेलच असं नाही. मैत्रिणीची चूक, सरांचं रागावणं, दुसऱ्या शाळेच्या मुलीचं नाव, यांबद्दलही तेच. नाव काढूनही प्रसंग उभा राहतो. आणि वाचणाऱ्याला दया यावी म्हणून दुःख वाढवून लिहायला कधीही सांगू नका. मुलं आपला शब्द झेलतात, त्यामुळे ही जबाबदारी आपली.

खेळ दुसरा असेल तर

प्रश्न तेच, जागा वेगळी. कबड्डीच्या मुलाला विचारा, ३० सेकंदांच्या चढाईत तुझे डोळे कुणावर असतात? त्याच्या पायांवर की खांद्यांवर? श्वास कुठे तुटायला लागतो? रिलेवाल्याला विचारा, बॅटन हातात येण्याआधी मागे बघायचं नसतं, तेव्हा तू काय मोजतोस? क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभ्या राहणाऱ्याला, यष्टिरक्षकाला, स्कोअर लिहिणाऱ्याला विचारा. राखीव खेळाडूंकडे तर मुद्दाम जा. स्पर्धाभर बाटल्या भरून देणारा आणि एकदाही मैदानात न उतरलेला मुलगा लिहायला बसला, की कर्णधारापेक्षा सरस लिहितो असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तो सगळं बघत बसलेला असतो.

पेन कुणाच्या हातात?

मसुद्यावर तुम्ही फक्त दोन खुणा करा. जिवंत वाक्याखाली रेघ, आणि जिथे कळत नाही तिथे समासात प्रश्नचिन्ह. वाक्य बदलून देऊ नका, 'त्यापेक्षा असं लिही' म्हणू नका. मोह फार होतो, कारण आपल्याला चांगलं वाक्य सुचलेलं असतं. पण चाळीस वर्षांच्या माणसाचं वाक्य पंधरा वर्षांच्या मुलीच्या लेखात लगेच ओळखू येतं. 'कॉमन ॲप'सारख्या अर्जात तर हे लेखन माझंच आहे असं विद्यार्थ्याने सहीनिशी कबूल करायचं असतं. मोबाईलवरच्या एआय ॲपकडून लिहून घेतलेला मसुदा आला, तर रागावू नका. कबड्डीची कसोटी त्याच्यासमोरच लावा, त्याचं त्यालाच दिसेल, आणि मग बोलायला बसा.

दोन दिवस लेख तसाच राहू द्या. मग तिला मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही कागद न बघता ऐका. जिथे ती अडखळते, तिथे वाक्य लांब झालंय किंवा शब्द तिचा नाही. ते तिथल्या तिथे तिलाच बदलू दे. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, शब्दसंख्या हे सगळं यानंतर, अगदी शेवटी.

देण्याआधी एक वाचन संघातल्या मैत्रिणीकडून करून घ्या. ती शुद्धलेखन बघणार नाही, पण फाऊल शेवटच्या मिनिटाला झाला की त्याच्या आधी, आणि माती खरंच शनिवारी उकरतात की नाही, ते बरोबर सांगेल. त्या दिवशी तिला काय दिसलं, ते तिने सांगितलं तर तेही ऐकून घ्या. मुलीला त्यातलं काही घ्यावंसं वाटलं तर तिने घ्यावं. बोलताना टिपलेली बाकीची वाक्यं, अंधाराची, बुटांची, दहावीची, फाडून टाकू नका. वहीच्या मागच्या पानावर तिलाच उतरवून ठेवायला सांगा, पुढच्या लेखाला लागतील.